डाळ शिजेल असं पाणी

१५ जून

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी दिली. शाल बायकोने, म्हणजे विमलने, कपाटात टाकली, नारळाची चटणी झाली, घड्याळ चौथ्या दिवशी बंद पडलं. डायरी उरली होती. ती आज उघडतोय, कारण आज लिहिण्यासारखं घडलंय.

बत्तीस वर्षं मी क्वालिटीत काढली. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातला दोष शोधायचा, त्याचं कारण शोधायचं, उपाय लिहायचा. आज मला माझ्याच घरातल्या दोषाचं कारण सापडलंय आणि सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नाहीये.

दोन महिन्यांपूर्वी माय गावी न्हाणीत घसरून पडली. बाबा गेल्यापासून एकटीच राहत होती, वय ब्याऐंशी. शेजारणीला तिची हाक ऐकू आली तोवर दोन तास ती तशीच पडून होती. हाड मोडलं नाही हे नशीब. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी नशीब साथ देईलच असं नाही. मी तिला त्याच दिवशी गाडीत घालून पुण्याला आणलं.

इथे तिला काय कमी आहे? गावी पहाटे उठून अंगण झाडायचं, रांजण घासायचा, पाणी गाळून भरायचं, कोंबड्या बघायच्या, सगळं एकटीने. इथे एक काम नाही. ती ताट उचलायला गेली की विमल म्हणते, "आई, तुम्ही बसा." केर काढायला वाकली की आमची लेक उत्कर्षा हातातला झाडू काढून घेते. मी तर व्हरांड्यात तिच्यासाठी हातांची खुर्ची आणून ठेवलीय, वर उशी. तरी ती दिवसेंदिवस वाळत चाललीय. अर्धी भाकरी खाते आणि गल्लीकडे बघत बसते. काल जेवताना म्हणाली, "आबा, पोळ्याला मला गावाकडं नेऊन घाल. परत आणू नगंस."

का गं, म्हणून विचारलं. ती ताटाकडे बघत म्हणाली, "तुमच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई."

आज आंघोळीला बसलो, साबणाला फेस येईना, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमचं घर बिबवेवाडीत गल्लीच्या अगदी टोकाला. नळाची धार करंगळीएवढी, म्हणून स्वयंपाकाला बोअरचं पाणी. ते जड. जड पाण्यात डाळ टणक राहते, टणक डाळ पचत नाही, मग भूक नाही, मग गाव आठवणारच! कारण सापडलं. उपाय: पावसाचं पाणी. ते हलकंच असतं. घराला गच्ची आहे, पाऊस सुरू झालाय, पोळ्याला दोन महिने आहेत. टाकी बसवायची!

१६ जून

विमल म्हणाली, "कंपनीने तुम्हाला बत्तीस वर्षं कसं सांभाळलं असेल, ते आता कळायला लागलंय."

उत्कर्षा खराडीला ऑफिसला निघाली होती, हेल्मेट घालता घालता म्हणाली, "बाबा, वॉटर सॉफ्टनर ऑनलाइन मिळतो. टू डेज डिलिव्हरी." हल्लीच्या पोरांना कष्टाने काही मिळवण्यात गोडीच नाही.

२२ जून

बजरंग प्लंबर तीन दिवस राबला. टाकी बसली! दोन हजार लिटर, काळी, घराच्या मागच्या अंगाला, पण व्हरांड्यातून दिसेल अशी. मी चौदा वेळा बघून आलो.

रचना अशी. गच्चीवरचं पाणी जाळीतून पाइपात उतरतं. पाइपाच्या खालच्या टोकाला व्हॉल्व्ह. तो उघडा असला की पाणी गटारात जातं, बंद केला की पाणी पाइपात चढतं आणि वाळू, खडी, कोळशाच्या गाळणीतून टाकीत पडतं. बजरंगने मला दोनदा बजावलं, "काका, चार दिवसांची उघडीप पडली की नंतरचा पहिला पाऊस दहा मिनिटं सोडून द्यायचा. गच्चीवरची धूळ, कबुतरांची घाण सगळी त्यात येते. बाकी काही चुकलं तर चालेल, हे चुकवू नका." मी हसलो. नियम पाळणं माझ्या रक्तात आहे.

माय उठून बघायला आली होती. पाइपावर हात फिरवत "ह्यो कशाला? त्यो कुठं जातो?" विचारत होती. सगळीकडे चिखल झालेला. म्हटलं, माय, तू बस, घसरशील. हाताला धरून खुर्चीत नेऊन बसवलं. तिने खुर्ची फिरवून घेतली. आता गल्लीऐवजी टाकीकडे तोंड करून बसते. गाळणी भरून उरलेला कोळसाही मागून घेतला तिने, दात घासायला असेल.

२४ जून

सहाशे लिटर! आकाशातून! फुकट!

पाण्यातले क्षार मोजायचं पेनएवढं यंत्र आणलंय. बोअरचं पाणी: नऊशे दहा. टाकीचं: तीस. मी आकडे मोठ्याने वाचून दाखवले. विमल कणीक मळत होती. म्हणाली, "हो का? मग आता पेढे वाटू या." तरी बजरंगचं म्हणणं, गाळणी नवीन आहे, पहिलं टाकीभर पाणी झाडांना आणि धुण्याला वापरा. नियम म्हणजे नियम. डाळीला जुलै उजाडणार.

३ जुलै

टाकीची निगा राखणं हे चांगलंच जोखमीचं काम निघालं. रोज सकाळी गच्ची झाडायची, जाळीतली पानं काढायची, झाकण घट्ट आहे ना बघायचं, नाहीतर डास. मी तक्ता केलाय: तारीख, पातळी, क्षार, शेरा.

आज मायने तिच्या जुन्या लुगड्याचा धुवट फडका आणून दिला. "जाळीला हे बांध. बारीक घाण हेच्यात ऱ्हाती." मी तिला समजावलं की ही स्टीलची जाळी आहे, कापड कुजतं. ती फडक्याची घडी करत परत गेली. तिचं मन मोडलं असं क्षणभर वाटलं, पण तांत्रिक बाबतीत भावना मध्ये आणून चालत नाही.

१६ जुलै

हे पान कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो.

नऊ दिवस पाऊस नव्हता. टाकी झाडांना आणि धुण्याला वापरून रिकामी झालेली. रविवारी डाळीचा बेत ठरलेला. सकाळी साताला सर आली. मी धावत मागे गेलो. व्हॉल्व्ह उघडा होता, नियमाप्रमाणे, आणि पाणी धो धो गटारात चाललं होतं. मी घड्याळ लावून उभा राहिलो. एक मिनिट. दोन मिनिटं. मनगटाएवढी धार. काळपट होती हे दिसत होतं, तरी पाणीच होतं ना ते.

बाहत्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. नदीत वाळू उकरून माय झिरा करायची आणि वाटीने घागर भरायची. एक घागर भरायला दुपार जायची. एकदा माझा पाय लागून ती घागर कलंडली. मायने मारलं नाही. ओल्या झालेल्या वाळूकडे नुसती बघत बसली. मारलं असतं तर मी विसरलो असतो.

तिसऱ्या मिनिटाला माझ्या हाताने व्हॉल्व्ह बंद केला. मी केला असं लिहायला हवं, पण मला तसं वाटत नाही, हातानेच केला. सगळं पाणी टाकीत गेलं. तासाभरात चौदाशे लिटर! तक्त्यात लिहिलं: "पहिलं पाणी सोडलं, दहा मिनिटं." बत्तीस वर्षांत मी खोटा शेरा लिहिला नव्हता.

पण गाळणी आहे की. वाळू, खडी, कोळसा. गाळणी कशाला असते मग?

२० जुलै, रविवार

फजिती.

सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. विमलने तूरडाळ धुऊन ठेवली. मी टाकीचं पाणी तांब्यात आणलं, यंत्र बुडवलं, एक्केचाळीस! सगळ्यांना दाखवलं. मायला म्हटलं, तू बस, आज तुला नुसतं खायचंय. तिने तांब्या पुढे ओढला, नाकापाशी नेला आणि खाली ठेवला.

"हेच्यात पाखरांची घाण हाय."

"माय, एक्केचाळीस आहे," मी म्हणालो.

"असंल. घाण हाय."

उत्कर्षाने वास घेतला आणि "ईऽऽ बाबा!" करून मागे सरकली. विमलने डाळीत बोअरचं पाणी ओतलं.

मायने माझ्याकडे बघितलं. "पयलं पाणी सोडलं व्हतंस का?"

"सोडलं की. चांगलं दहा मिनिटं."

"बरं," ती म्हणाली. तांब्या घेऊन बाहेर गेली आणि पाणी जास्वंदीला घातलं.

मी साठ वर्षांचा माणूस, घरभर तोंड लपवत फिरतोय. आणि डाळ आजही टणकच होती.

२२ जुलै

उताणा पडून पेन्सिलीने लिहितोय, कारण पेनातली शाई वर चढत नाही.

काल टाकी रिकामी केली. चौदाशे लिटर सोडताना मी पाठ फिरवून उभा राहिलो. मग गाळणीतली वाळू धुवायला घमेलं उचललं आणि कमरेत कट्ट आवाज झाला. डॉक्टरांनी दोन आठवडे हलायचं नाही म्हणून सांगितलंय. पोळ्याला महिना उरला. टाकी कोरडी, मी आडवा, आणि बाहेर आभाळ भरून आलंय. आता व्हॉल्व्ह कोण सांभाळणार? विमलला विचारलं तर म्हणाली, "होईल ते. तुम्ही पडून राहा."

२७ जुलै

चमत्कार! तीन दिवस पाऊस झाला, दोन दिवस उघडीप, परत पाऊस. मी खोलीत अडकलेला. व्हॉल्व्हला कोणाचा हात नाही, जाळीला कोणाचा हात नाही. आणि आज उत्कर्षाने ग्लासात पाणी आणून दाखवलं, काचेसारखं स्वच्छ! वास नाही. क्षार सव्वीस!

मी बराच विचार केला. याचा एकच अर्थ निघतो. मूळ रचनाच इतकी अचूक झालीय की ती आता आपोआप चालते. गाळणी बसायला थोडा वेळ लागला, इतकंच. उत्कर्षाला हे समजावून सांगितलं. ती ओठ चावत ऐकत होती आणि मध्येच "कॉल आलाय" म्हणून बाहेर पळाली. फोन वाजल्याचं मला तरी ऐकू आलं नाही.

३१ जुलै

माय आज दोन भाकरी जेवली. विमलने मुद्दाम येऊन सांगितलं. हा पाण्याचा गुण! अजून डाळ शिजवलीही नाही, नुसतं पिऊन एवढा फरक.

एक दोष मात्र लक्षात आला. माय खोलीत डोकावते तेव्हा तिच्या लुगड्याचे काठ वीतभर ओले असतात. व्हरांड्यात पाणी झिरपत असणार. बजरंगला सांगायला हवं.

४ ऑगस्ट

पडून राहिलं की कान तिखट होतात. सकाळी मागच्या बाजूला माय कोणाशी तरी बोलत असते. "आता बास. आता लाव." किंवा "अगं, थांब की जरा, दम हाय का न्हाई?" मागे तर कोणी नसतं. पाखरांशी बोलत असेल बिचारी. मला फार वाईट वाटलं. एकटेपणाने माणसं अशी होतात.

उत्कर्षा हल्ली ऑफिसला जायच्या आधी गच्चीवर व्यायाम करते, घामाघूम होऊन खाली येते. व्यायामाला झाडू कशाला लागतो ते विचारायचं राहून गेलं.

१० ऑगस्ट

डाळ शिजली!!

पाठीला पट्टा बांधून आज उभा राहिलो आणि पहिली गोष्ट डाळीची केली. माय म्हणाली, कुकर नको, पातेल्यात. आणि म्हणाली, मी करते. विमल "आई, तुम्ही" एवढं म्हणून थांबली आणि ओट्यापासून बाजूला झाली. मायने पाणी ओतलं, हळद टाकली, झाकण तिरकं ठेवलं. आम्ही सगळे पातेल्याभोवती उभे. पाऊण तासात डाळ अशी मऊ झाली की तिने पळी नुसती फिरवली आणि दाणा दिसेनासा झाला. वर लसणाची फोडणी. मी चार वेळा भात घेतला.

जेवण झाल्यावर छाती फुगवून विचारलं, "काय माय, झाली ना तक्रार दूर? आता राहशील ना?"

ती ताटं गोळा करत होती. म्हणाली, "पोळ्याला जायाचं म्हणलं हाय ना मी."

दोष दूर झाला, माल उत्तम निघाला, आणि तरी परत जातोय. मला काही कळेनासं झालंय.

१५ ऑगस्ट

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवतो.

कमरेला बरं वाटलं म्हणून टाकीपाशी गेलो, पंचवीस दिवसांनी. तक्ता तेवढे दिवस कोराच होता, तो पुढे चालू करायचा होता. जाळीला लुगड्याचा फडका बांधलेला. व्हॉल्व्हखाली दोन बादल्या. त्या उचलायला म्हणून पट्टा सावरत गुडघ्यावर बसलो, आणि पाइपामागे कुंपणाच्या भिंतीवर मला रेघा दिसल्या.

कोळशाच्या उभ्या रेघा, ओळीने. काही वीतभर, काही बोटभर. काहींच्या डोक्यावर गोल. आधी वाटलं शेजारच्या मुलांनी काढल्यात. मग मोजल्या. चोपन्न. टाकी बसली त्या दिवसापासून कालपर्यंत, दर दिवसाला एक. टाकीत पाणी जास्त तशी रेघ लांब. माझा तक्ता आणून ताडून बघितला. एक दिवस चुकलेला नव्हता. माझे पंचवीस कोरे दिवस भिंतीवर भरलेले होते. माय शाळेत गेलेली नाही, तिला आकडा लिहिता येत नाही.

गोल कशाचे ते कळायला थोडा वेळ लागला. उघडीप संपून पाऊस आला त्या दिवसांच्या रेघांवरच ते होते. गोल म्हणजे पहिलं पाणी सोडलं. मग मी सोळा जुलै शोधला. रेघ उंच होती, त्या महिन्यातली सगळ्यात उंच. वर गोल नव्हता.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिलो.

विमल आली तेव्हा विचारलं, "तुला हे माहीत होतं?" ती म्हणाली, "सगळ्या गल्लीला माहीत आहे. क्वालिटीवाले सोडून." मग माझं तोंड बघून जवळ आली आणि हात देऊन उठवलं. "तुम्ही आडवे पडलात आणि मला व्हॉल्व्ह कुठला आणि नळ कुठला ते कळेना. आईंनी झाडू उत्कर्षाच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, इमल, तू बादली धर. काय सांगणार मी त्यांना, तुम्ही बसा?"

१६ ऑगस्ट

मायला सांगितलं. सगळं. तिसऱ्या मिनिटाला बंद केला तेही.

"बघितलं व्हतं मी," ती म्हणाली. "खुर्चीतनं सगळं दिसतंय."

"मग त्या दिवशी सगळ्यांपुढे बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बाहत्तरचं पोर हायस तू. तुजा हात न्हाई धजायचा." तिने लुगड्याचा ओला काठ पिळला. "माजा तरी कुठं धजतोय? म्हणून तर बादल्या लावल्या. पयल्यांदा गच्ची धुऊन जाऊ द्यायाची, ते पाणी बादलीत धरायचं, अंगणाला, न्हाणीला घालायचं. मंग टाकीत. वाया काय बी जात न्हाई."

साठ वर्षांत मला सुचलं नाही ते. आणि लुगड्याचे काठ का ओले, तेही आज कळलं. मी खो खो हसलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. माय म्हणाली, "येडं."

पोळ्याचं विचारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. दुपारी बजरंगला बोलावून टाकीकडे जायच्या तीन पायऱ्यांना पाइपाचा कठडा लावून घेतला, तिच्या हाताच्या उंचीचा. जाणाऱ्या माणसासाठी कठडा कशाला, असं बजरंगने विचारलं नाही. मीच स्वतःला विचारत होतो.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. मायने पिशवी भरली. गाडी सांगितलीय. जेवण गेलं नाही.

२३ ऑगस्ट

काल गावी होतो. घाईघाईत लिहितोय, पण एकही गोष्ट सुटता कामा नये.

मायने कुलूप काढलं. चूल बघितली, मागे न्हाणीत जाऊन ती पडली होती ती जागा बघून आली. शेजाऱ्यांचे बैल दारात आले, तिने त्यांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. मी ओसरीत बसून तिचं सामान कुठे लावायचं याचा विचार करत होतो. कोंबड्या तिने शेजारणीला सांभाळायला दिल्या होत्याच, त्या आता तुझ्याच, असं तिला सांगून टाकलं. मग रांजण घासून पुसून पालथा घातला. मी म्हटलं, अगं, पालथा का घालतेस, पाणी कशात भरशील? ती पदराला हात पुसत बाहेर गेली.

दुपारी तीनच्या सुमाराला ती अंगणात उभी राहून पश्चिमेकडे बघायला लागली.

"आबा, पुण्याकडं आलं असंल बघ. सहा दिस झालं उघडीप हाय. पाइपाचं तोंड कोण सोडंल?"

"विमल आहे. उत्कर्षा आहे."

"उत्कर्षाला टायम कळतो, वास कळत न्हाई. इमल बादली भरली की बंद करती."

"मग मी जातो ना आज परत. मी बघेन."

"तू!" ती इतकी हसली की शेजारीण बाहेर आली. मग पिशवी उचलून माझ्या हातात दिली. जड लागली. उघडून बघितली. वर दोन लुगडी होती आणि खाली कागदात बांधलेला कोळसा. चुलीतला, निवडून घेतलेला, लांब लांब तुकडे.

"हे कशाला?"

"तुज्या इकत घेतलेल्या कोळशाची रेघ उठत न्हाई नीट," ती म्हणाली आणि दाराला कुलूप लावून गाडीत जाऊन बसली.

मला दोन मिनिटं काही सुधरेना. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा पळत गेलो. पाठीचा पट्टा सुटला तरी कळलं नाही!

घरी आल्यावर विमलला म्हटलं, बघ, शेवटी दोष पाण्याचाच होता. पाणी बदललं, माणूस राहिलं. ती म्हणाली, "हो तर. तुमचं पाणीच तसं गुणाचं."

२४ ऑगस्ट

सकाळी सहाला सर आली. मी धडपडत मागे गेलो तर माय आधीच कठड्याला धरून उभी. उत्कर्षा गच्चीवरून ओरडत होती, "आज्जी, जाळी क्लिअर!" विमल बादली धरून. मी व्हॉल्व्हकडे हात नेला.

"आबा, तू बस," माय म्हणाली. "पाठ धरंल तुजी."

"अगं, मी नुसता..."

"बस म्हणलं ना."

विमलने ती खुर्ची ओढून दिली. मी बसलो. खुर्ची चांगली आहे, उशी मऊ आहे, टाकी समोर दिसते. सगळे कामात होते, पाणी पडत होतं, आणि मला कोणी कशाला हात लावू देत नव्हतं. काय करावं ते कळेना. हात मांडीवर ठेवले, मग खुर्चीच्या हातांवर ठेवले. गल्लीकडे बघितलं. घड्याळात बघितलं तर चारच मिनिटं झाली होती. माय इथे तीन महिने बसली होती. आणि तिला बसवलं होतं मी, रोज, हाताला धरून.

मी उठलो. तिसरी बादली घेतली आणि मायच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि जागा करून दिली.